दुर्गादीदीच्या खुर्च्या

१

उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदियाजवळ मुर्रीतल्या आमच्या घरातली दुपार ठरलेली असायची. जेवणं झाली की बाबा ओसरीत आडवे होत. ते झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या हाताला काम नसतं. आई दारापाशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. मी मधल्या खोलीत दहावीची पुस्तकं उघडून बसायची आणि मागच्या पडवीत दुर्गादीदी व्हायोलिन वाजवायची. ते व्हायोलिन बाबांना एका मोडलेल्या नाटक मंडळीकडून मिळालं होतं. सुरुवात बाबांनी करून दिली, पुढचं ती मोबाइलवर बघून बघून शिकली.

दीदी वाजवायची तेव्हा नुसतं व्हायोलिन वाजत नसे. ठेका धरताना तिची उजवी टाच जमिनीवर पडायची. गज वर नेण्याआधी ती नाकाने छोटासा श्वास ओढायची. चुकलं की घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून. नंतर भांडी घासताना तीच धून ओठ मिटून गुणगुणायची. या आवाजांकडे मी कधी मुद्दाम लक्ष दिलं नाही. घरामागच्या रुळांवरून मालगाडी जाते, तिच्याकडे तरी कोण लक्ष देतं?

एप्रिलच्या शेवटी हिमांशु आमच्याकडे आला. मुर्रीच्या टोकाला एक राईस मिल बरीच वर्षं बंद पडून आहे, ती त्याच्या वडिलांची. तो गिटार वाजवतो आणि गातो. त्याच्यासोबत तिघांचा बँड आहे. त्यांना जुन्या धाटणीच्या रॉकचा एक अल्बम करायचा होता. लांबलचक गाणी, मध्ये गिटारचा एकट्याचा भाग, आणि मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा. अल्बमचं नाव ‘चोरखमारा’, आमच्याकडच्या एका तलावाचं. पहिल्या गाण्यात तलाव कोरडा असतो आणि शेवटच्या गाण्यात भरून सांडव्यावरून वाहतो. पाणी चढतं तसा मागे ऑर्केस्ट्रा चढला पाहिजे, असं तो हातांनी दाखवून सांगत होता.

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नात फिल्मी गाणी म्हणणारी पार्टी. आईने ऐकल्याबरोबर नाही म्हटलं. मग बाबांनी समजावलं, हिमांशुने दीदीला दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकात वाजवताना ऐकलं होतं तेही सांगितलं, आणि आई एका अटीवर तयार झाली. दीदी एकटी जाणार नाही, मीपण सोबत जाईन. मला कोणी विचारलं नाही. मला सहसा कोणी विचारत नाही.

२

मिलचा मोठा हॉल रिकामा होता. वर टिनाचं छप्पर, खाली सिमेंट, आणि भिंतींना अजून कोंड्याचा वास. एका बाजूला मुनीमजींची काचेची खोली होती. तिथे नीलेशने आपला कॉम्प्युटर मांडला होता. नीलेश आमच्याच गावचा, नागपुरात रेकॉर्डिंगचं काम शिकून आलेला. मी त्याच्या मागे स्टुलावर पुस्तक घेऊन बसायची. हॉलमध्ये मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या तीन रांगांत, अर्धगोल मांडल्या होत्या. वाजवणारी मात्र दीदी एकटीच.

एका माणसाचा ऑर्केस्ट्रा कसा करतात ते मी तिथे पाहिलं. दीदी एका खुर्चीवर बसून तो भाग वाजवायची. मग दुसऱ्या खुर्चीवर जाऊन तोच भाग पुन्हा. मग तिसऱ्या. आधीचं सगळं तिला कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकू यायचं. हॉलमध्ये स्पीकर नव्हता, त्यामुळे दाराशी उभं राहिलं तर एकच व्हायोलिन ऐकू येई. काचेच्या खोलीत नीलेशने सगळं एकत्र लावलं की मात्र वाटायचं, आत एवढी माणसं कधी आली.

पहिल्या दिवशी ते जमलं नाही. आवाज नुसता जाड झाला. नीलेश म्हणाला, सगळीकडे दुर्गाच वाजवून राहिली, म्हणून असं होते. प्रत्येक खुर्चीवर वेगळा माणूस पाहिजे. कोणी आळशी, कोणी घाईचा, कोणी उशिरा शिकलेला.

दीदीला हे फार आवडलं. तिने खडू मागितला आणि खुर्च्यांच्या पाठीवर नावं लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या रांगेतली पहिली खुर्ची छोटेलालची. छोटेलाल जाडा आहे, पायाने ठेका धरल्याशिवाय त्याला वाजवता येत नाही. त्याच्या शेजारी मंदाबाई, तिला बारा महिने सर्दी. मागे केशोराव, स्वतःला फार मोठे समजतात, दर ओळीआधी घसा साफ करतात. कोपऱ्यात निर्मलाबाई, देवळातल्यासारखी गुणगुणत वाजवणारी.

“छोटेलालचं लग्न झालं का व?” मी हळूच विचारलं.

“मंदाबाईसंगच झालं,” दीदी म्हणाली. “म्हणून तर तो घरी राहत नाही, इथं येऊन बसते.”

नीलेश हसला, हिमांशुही हसला. कूलर बंद केला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते, आणि दीदी छोटेलालच्या खुर्चीवर बसली. टाच जोरात वाजवत तिने तो भाग वाजवला. काचेतून बघताना मलाही तो जाडा माणूस दिसल्यासारखा वाटला. ते दिवस मजेचे होते, हे मला खोटं सांगता येणार नाही.

३

घरी पडवीत रियाज चालू होता आणि मी बीजगणित सोडवत होते. काहीतरी कमी होतं. गणितात चूक असेल म्हणून मी तेच उदाहरण पुन्हा केलं. मग लक्षात आलं की टाच वाजत नाही.

मी उठून बघितलं. दीदीचा पाय जमिनीवर सपाट होता, कोणीतरी ठेवून दिल्यासारखा.

मी विचारलं तेव्हा तिने खाली पायाकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. तिने टाच उचलून आपटून पाहिली. आपटली, पण ठेक्यात नाही. आम्ही दोघी हसलो. माइकला पायाचा आवाज जातो म्हणून नीलेशने बाकीच्या खुर्च्यांवर टाच वाजवू नको असं बजावलं होतं. त्यामुळे सवय गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सवयी अशा जातात. मीसुद्धा लहानपणी अंगठा चोखायची आणि तो कधी सुटला ते मला आठवत नाही.

पण दीदीची टाच ती व्हायोलिन शिकली तेव्हापासून वाजत होती, आणि एका दुपारनंतर ती वाजली नाही.

४

मंदाबाईची खुर्ची झाली. घरी दीदी गज उचलताना नाकाने श्वास ओढेनाशी झाली. केशोरावांची झाली आणि तिचं खाकरणं गेलं. आता चुकलं की ती नुसती थांबायची, आणि पडवीतून काहीच ऐकू यायचं नाही. इतकं काहीच नाही की मी प्रत्येक वेळी उठून ती आहे ना ते बघायची.

निर्मलाबाईच्या खुर्चीनंतर मी मुद्दाम भांडी घासायच्या वेळी तिच्याजवळ जाऊन बसले. राखेने कढई घासली, पातेली घासली, ओठ मिटलेलेच.

“गुणगुण ना दीदी,” मी म्हटलं.

“काय गुणगुणू?”

“कालचंच. तलाव भरतो ते.”

तिने ओठ मिटले. तिचा गळा हलताना मला दिसत होता. नाकातून हवा येत होती, पण त्या हवेत सूर नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. हसण्याचा आवाज अजून तिचाच होता. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, ऊन किती तापून राहिलं, पोरीचा घसा कोरडा पडला असन, कांदा ठेव तिच्या खिशात. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, खरा कलाकार असाच गप्प होत जातो, आणि हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं की मला त्यांचा राग आला. घरात चार माणसं. त्यातलं एक माणूस आवाजा-आवाजाने कमी होत होतं आणि बाकीच्या दोघांना ते कौतुकाचं वाटत होतं. मी हळू बोलते म्हणून माझं बोलणं खोटं ठरतं का? मी मोठ्याने बोलले असते तर ते खरं झालं असतं का?

५

एके दुपारी जेवायला सगळे बाहेर आंब्याखाली गेले. लोणच्याची बाटली आत राहिली म्हणून मी एकटी हॉलमध्ये परत आले. कूलर बंद होता. बाहेर इतकं ऊन की पाखरूही ओरडत नव्हतं.

टाच वाजत होती.

मी दारातच उभी राहिले. टिन तापलं की तडतडतं, हे मला माहीत आहे. बंद मिलमध्ये घुशी असतात, हेही माहीत आहे. पण टिन ठेका धरत नाही. हा ठेका अल्बमच्या शेवटच्या गाण्याचा होता आणि तो दुसऱ्या रांगेतून येत होता. मध्येच कोणीतरी नाकाने श्वास ओढला. तो दीदीचा श्वास होता. तिच्या बिछान्याशेजारी मी इतकी वर्षं झोपते, मला तो कुठेही ओळखता येईल.

मी पळाले नाही. का नाही, ते मला सांगता येत नाही. बहुतेक भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता, कोणी आपली वस्तू घेऊन तिच्याशी खेळत बसावं तसा. मी सरळ छोटेलालच्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

टाच थांबली. प्लास्टिक कोमट होतं. मे महिन्यात सगळंच कोमट असतं. पण मी हात ठेवल्यावर खुर्चीची मागे वाकलेली पाठ हळूच सरळ झाली. टेकून बसलेला माणूस वळून बघायला पुढे सरकतो, तशी.

मी बाटली न घेताच बाहेर आले. आई विचारील म्हणून सांगून ठेवते, ती बाटली अजून तिथेच आहे.

६

मी नीलेशला सांगितलं. वाटलं, तो हसेल. तो हसला नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मला काचेच्या खोलीत नेऊन हेडफोन दिला. जेवणाच्या सुट्टीत त्याने माइक चालूच ठेवला होता, आणि हे पहिल्यांदा नव्हतं. त्यात टाच होती, श्वास होता, खाकरणं होतं, आणि कोपऱ्यातून बारीक गुणगुणणं होतं. शेवटी चपलांचा आवाज येत होता. त्या माझ्या चपला होत्या.

“तुमाले माहीत होतं?” मी विचारलं.

“हाव.” तो खाली बघत म्हणाला. “हिमांशु भैयाले सांगितलं मी. भैया म्हणते, राहू दे. ऐकाले मस्त लागते म्हणते.”

मला इथे थांबून हे नीट लिहायचं आहे, कारण हे वाचणारे विचारतील की तुला भीती वाटली नाही का. भीतीचं मी समजू शकते. पण या दोघांना भीती वाटली नाही. त्यांना ते आवडलं. माझ्या बहिणीच्या अंगातून जे जात होतं ते त्यांनी ऐकलं, ओळखलं, आणि गाण्यात कुठे बसेल ते बघितलं.

हिमांशु बाहेर गिटारच्या तारा बदलत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मुलांशी बोलायची मला सवय नाही, तरी मी बोलले. हे बंद करा म्हटलं. आधीच्या खुर्च्या पुसून टाका, दीदीचं तिला परत द्या.

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट वागला असता तर मला सोपं गेलं असतं. तो गोड बोलला.

“पुष्पांजली, सुन. ऐसा साउंड दुनिया में किसी के पास नहीं है. समज ना, तुझी दीदी आहे म्हणून झालं हे. अब बस एक कुर्सी बाकी है.”

ती पहिल्या रांगेतली मधली खुर्ची होती. तिच्यावर नाव नव्हतं. शेवटच्या गाण्यात, तलाव काठोकाठ भरतो तिथे, एकटं व्हायोलिन सगळ्यांच्या वर जातं. तो भाग छोटेलाल किंवा मंदाबाई वाजवणार नव्हते. तो दुर्गा म्हणून दुर्गानेच वाजवायचा होता. आणि हिमांशुने तिला सांगून ठेवलं होतं की त्यात काही मागे ठेवायचं नाही.

दीदीकडे आता उरलं होतं तिचं बोलणं आणि तिचं हसणं.

७

त्या संध्याकाळी मी दीदीला सगळं सांगितलं. छोटेलालची खुर्ची, नीलेशचं रेकॉर्डिंग, सगळं. ती पडवीत व्हायोलिन पुसत होती. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती पुसत राहिली.

“मले माहीत आहे,” ती म्हणाली.

मग मी रडायला लागले.

“कायले रडून राहिली व? इतक्या वर्षांपासून मी वाजवून राहिली. नाटकात पडद्याच्या बाजूले बसवते मले, आणि समोर लोक चिवडा खाते. घरी माही टाच वाजली का नाही वाजली, हे तुले सोडून कोणाले समजलं?” ती इतकं सलग बरेच दिवसांनी बोलत होती आणि तिचा आवाज पातळ झाला होता, धुऊन धुऊन झालेल्या लुगड्यासारखा. “तिथं हेडफोन लावला का माह्या मागं तीन रांगा उभ्या राहते. मी गज उचलला का त्या उचलते. असं कधी झालं होतं?”

“पण त्या तूच आहे ना.”

“मंग काय झालं? मीच आहो ना. कुठं गेली मी?”

याला उत्तर मला तेव्हा आलं नाही. आता रोज येतं. मी म्हणायला हवं होतं की तू तिथे गेलीस, आणि इथे आमच्याकडे कोण उरली ते तू एकदा बघ. पण मी मान खाली घातली. आई आतून म्हणाली, दोघी भांडू नका, एवढं चांगलं काम भेटलं पोरीले. बाबांनी तर शेजारच्यांनाही सांगून ठेवलं होतं. ज्याला कळलं तो गप्प, ज्याला नाही कळलं तो खूश. आणि दोघांना माझं बोलणं म्हणजे लहान मुलीची किरकिर.

८

शेवटच्या खुर्चीचं रेकॉर्डिंग दुपारी होतं. कूलर बंद केला. दीदी मधल्या खुर्चीवर बसली, हेडफोन लावला, आणि काचेतून आमच्याकडे बघून मान हलवली. नीलेशने सुरू केलं. हिमांशु त्याच्यामागे उभा होता. त्या दोघांच्या कानांवर हेडफोन होते, माझ्या नव्हता. काचेमुळे मला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं.

दीदीने गज उचलला. तो हळू सुरू झाला आणि मग लांब लांब जायला लागला. तिचे डोळे मिटलेले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मागचं मला उशिरा दिसलं. मागच्या रांगेतल्या एका खुर्चीची पाठ वाकली. मग तिच्या शेजारची. मग पुढच्या रांगेतल्या, एकामागून एक, हळूहळू, कीर्तनाला लोक येऊन बसतात तशा.

मी नीलेशकडे पाहिलं. तो पडद्याकडे नाही, काचेकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याचा हात माउसवरच होता आणि तो हात हलला नाही.

“बंद करा,” मी म्हटलं. ऐकू गेलं नाही, की ऐकायचं नव्हतं, माहीत नाही. हिमांशुने माझ्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

मी खोलीचं दार उघडलं.

आणि उंबऱ्यावरच थांबले. हॉलमध्ये स्पीकर नव्हता, हे मी आधी लिहिलं आहे. मला एकच व्हायोलिन ऐकू यायला हवं होतं. तिथे पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजत होता. टिन थरथरत होतं, पायाखालचं सिमेंट थरथरत होतं. त्या सगळ्या आवाजात जे मला ऐकू येत नव्हतं ते फक्त दीदीचं व्हायोलिन. तिचा गज तारांवरून चालला होता, पण तिच्याकडून काहीच येत नव्हतं.

मी आयुष्यात कधी ओरडले नाही. शाळेत हजेरी घेतानाही बाई मला दोनदा विचारतात. तेव्हा ओरडले.

“दीदी, घरी चाल.”

दीदीचा गज थांबला. बाकीचे लगेच थांबले नाहीत. ते ओळ संपवून थांबले. मग एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय सिमेंटवर घासले. आधी एक, मग सगळे. त्या माझ्याकडे वळत होत्या.

मी फक्त दीदीकडे बघत तिच्यापर्यंत चालत गेले. तरी डोळ्याच्या कडेला जे दिसलं ते दिसलंच. कोपऱ्यात कोणीतरी बसलं होतं. दीदीसारखीच तिरकी मान, व्हायोलिनवर टेकवल्यासारखी हनुवटी. पण हनुवटीखाली व्हायोलिन नव्हतं, आणि हनुवटीच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही.

दीदीचा हात धरून मी तिला उन्हात आणलं. ती माझ्यासोबत आली. व्हायोलिन तिथेच राहिलं. काचेमागे हिमांशु एक हात वर धरून उभा होता. तो मला थांबवत नव्हता. तो नीलेशला सांगत होता की रेकॉर्डिंग चालू ठेव.

९

दीदी आता बोलत नाही. गोंदियाला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, गळा चांगला आहे, मनावर ताण असेल. ती जेवते, काम करते, काही विचारलं की मान हलवते. हसते तेव्हा तोंड हसतं, आवाज येत नाही. खोलीत आली तरी कळत नाही. आई आता दिवसातून दहा वेळा तिला हाक मारते आणि ती मागेच उभी असते.

अल्बम पावसाळ्यानंतर आला. खूप चालला. नागपूरच्या, पुण्याच्या लोकांनी लिहिलं की इतका जिवंत ऑर्केस्ट्रा कसा जमवला. हिमांशु मिठाई घेऊन घरी आला आणि शेवटचं गाणं त्याने आम्हाला मोबाइलवर ऐकवलं. तलाव भरतो, सगळी व्हायोलिनं चढतात, आणि तिथेच माझा आवाज येतो. दीदी, घरी चाल. त्याने तो ठेवला होता. लोकांना सगळ्यात तेच आवडतं म्हणाला.

त्यानंतर गाण्यात थोडी शांतता आहे. आणि मग खूप लांबून, हॉलच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखं, दीदीचं उत्तर आहे.

“थांब व, येऊन राहिली.”

त्या दिवशी दीदी एक अक्षर बोलली नव्हती. मी तिच्याशेजारी होते. नीलेशने शपथ घेऊन सांगितलं की त्याने ते जोडलेलं नाही.

मी हिमांशुला म्हटलं, माझा आवाज काढा. तो माझा आहे आणि मी तुम्हाला दिलेला नाही. तो त्याच गोड चेहऱ्याने म्हणाला, “अब तो सबका हो गया ना, पुष्पांजली.” बाबांनी मला गप्प बसायला सांगितलं, आई मिठाई डब्यात भरत होती. दीदी मात्र त्या मोबाइलकडे बघत भिंतीपर्यंत मागे सरकली होती. ती घाबरली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यासारखीच घाबरलेली मला दिसली.

आता ते गाणं सगळीकडे वाजतं. ऑटोत वाजतं, गोंदियाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानांत वाजतं. प्रत्येक ठिकाणी माझा आवाज तिला घरी बोलावतो आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर येतं. लहान स्पीकरवर आवाज जवळचा वाटतो, हे मला समजतं. पण आता ते हॉलच्या टोकाहून आल्यासारखं वाटत नाही.

आज गावात मंडई आहे. आईबाबा दुपारीच तिकडे गेले. दीदी आणि मी घरी. थोड्या वेळापूर्वी मंडईच्या भोंग्यावर ते लागलं. आधी लांबलचक गाणं, मग चढत जाणारी व्हायोलिनं, आणि मग शेतांवरून, तलावाच्या पाळीवरून, रुळांच्या पलीकडे जाईल इतक्या मोठ्याने माझी हाक. मी कान झाकले. तरी उत्तर ऐकू आलं. ते भोंग्याच्या बाजूने आलं नाही, मिलच्या रस्त्याने आलं.

दीदी उठली. तिने समोरचं दार लावलं, कडी घातली, आणि दाराला पाठ लावून खाली बसली. मीही तिच्या शेजारी तशीच बसले. तिचा हात बर्फासारखा होता.

मंडईत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं.